बालगृह सोडताना राहायचे कुठे?

आदरणीय ताई,
मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका बालगृहात नऊ वर्षांपासून राहतो. आई-वडील दोघेही वारले आहेत. यंदा बारावीला आहे. जानेवारीत मला अठरा वर्षे पूर्ण होतील आणि त्यानंतर संस्थेत ठेवता येणार नाही, असे अधीक्षक सरांनी सांगितले आहे. बोर्डाची परीक्षा मात्र फेब्रुवारीत आहे. गावी चुलते आहेत. इतक्या वर्षांत ते दोनदाच भेटायला आले, पण आता ‘घरी ये, शेतीत हातभार लाव’ असा त्यांचा निरोप आला आहे. आमच्या संस्थेतून बाहेर पडलेले तिघे मित्र पुण्यात खोली घेऊन राहतात, तेही बोलावत आहेत. सर म्हणतात, अनुरक्षण गृहात, म्हणजे अठरा पूर्ण करून संस्थेबाहेर पडलेल्या मुलांसाठीच्या सरकारी निवासात, जागा मिळते का ते पाहू. पण मोठी मुले सांगतात की तिथे जाऊ नकोस, पुन्हा तेच आयुष्य. मला आयटीआय करून इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे. धाकटी बहीण चौदा वर्षांची असून ती मुलींच्या बालगृहात आहे. मी बाहेर पडलो की तुला घेऊन जाईन, असे मी तिला सांगून ठेवले आहे. ताई, मी कुठे राहू?
– एक वाचक, जि. सोलापूर

प्रिय मित्रा,

तुझे पत्र दिवाळीच्या सुट्टीत आले आणि जानेवारीला फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून सर्वांत तातडीची गोष्ट आधी लिहिते. तुझ्या पत्रात तीन घरे आहेत: काकांचे, मित्रांचे आणि सरकारचे. त्यांतले कोणते निवडायचे, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो दुसरा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर तुझ्या राहण्याची व्यवस्था काय असेल याचा आराखडा कागदावर तयार होऊन, संस्थेतल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे गेला आहे का, हा पहिला प्रश्न आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 खाली केंद्राने 2016 मध्ये जे आदर्श नियम केले, त्यांत असे सांगितले आहे की मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी बाल कल्याण अधिकाऱ्याने किंवा समाजसेवकाने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करून समितीकडे द्यावा आणि गरजेप्रमाणे अनुरक्षणाची शिफारस करावी. तुझ्या बाबतीत ही मुदत नोव्हेंबरातच येते. त्यामुळे सर ‘पाहू’ म्हणाले आहेत त्यावर थांबून राहू नकोस. उद्याच त्यांना आणि संस्थेच्या समाजसेवकांना भेट, आपला आराखडा झाला आहे का ते विचार, आणि झाला असेल तर तो वाचायला माग. तो तुझ्या आयुष्याचा कागद आहे. तुझ्याशी बोलल्याखेरीज तो तयार होणे योग्य नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहात राहता येत नाही, हे सरांचे म्हणणे कायद्याला धरूनच आहे आणि त्याबद्दल त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही. पण बालगृहाचा दरवाजा बंद होणे आणि सरकारची जबाबदारी संपणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्या एकच समजल्या जातात याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या समाजात सुस्थितीतल्या घरांतली मुले पंचविशीपर्यंत आईच्या हातचे जेवून शिकतात, त्याच समाजाने आई-वडील नसलेल्या मुलाला बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर ‘आता तू मोठा झालास’ असे सांगावे, हे मला कधीही पटलेले नाही. कायद्यालाही ते पटलेले नाही, म्हणूनच त्यात अनुरक्षणाची तरतूद आहे. संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाला एकवीस वर्षांपर्यंत, आणि विशेष परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत, निवारा, शिक्षण आणि खर्च यांसाठी आधार देता येतो. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत त्यासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे, आणि अशी रक्कम थेट तुझ्या बँक खात्यात जमा व्हावी असा नियम आहे. ही मदत आपोआप सुरू होत नाही. समितीचा आदेश लागतो, आणि आदेशासाठी कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो. तुझ्याबाबतीत तो ‘कोणीतरी’ तूच असावास, असे मला वाटते.

म्हणून समितीच्या नावे एक साधा अर्ज लिही. जन्मतारीख, संस्थेत आल्याचे वर्ष, बारावीचे परीक्षा केंद्र आणि आयटीआयचा विचार एवढे सांगून दोन मागण्या स्पष्ट कर. पहिली, बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत मला आहे त्याच ठिकाणी किंवा परीक्षा केंद्राच्या जवळ राहू द्यावे. दुसरी, परीक्षेनंतर अनुरक्षणाचा लाभ आणि राहण्याची व्यवस्था मंजूर करावी. पहिली मागणी मान्य होईलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही; पण परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत जोडून केलेली ही विनंती सहजासहजी बाजूला टाकता येणारी नाही. अर्जाच्या दोन प्रती काढ, एकीवर तारीख आणि शिक्का घे आणि ती जपून ठेव. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे असे कायदा सांगतो, त्यामुळे ‘समितीची बैठक नाही’ हे उत्तर दोन-तीनदा मिळाले तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात तोच अर्ज दे. अनुरक्षणाबाबत समितीने नकाराचा आदेश दिला, तर त्याविरुद्ध तीस दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. ही सोय फार कमी मुलांना सांगितली जाते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आता तीन घरांकडे वळू.

काकांच्या निरोपाबद्दल तुझ्या पत्रात एक अवघडलेपण जाणवले. आपलेच माणूस बोलावते आहे, मग मन का धजत नाही, असे तुला वाटत असावे. नऊ वर्षांत दोनदा भेटलेल्या माणसाच्या घरी कायमचे जाताना मन कचरले तर त्यात कृतघ्नपणा नाही. काकांचा हेतू चांगलाही असू शकेल. तेव्हा त्यांची ऐपत नसेल, आज घर जरा सावरले असेल. पण निरोपात तुझ्या शिक्षणाचा उल्लेख नाही आणि शेतीतल्या कामाचा आहे, ही गोष्ट मी नजरेआड करू शकत नाही. त्यांना नम्रपणे पत्र लिहून किंवा फोन करून विचार: मला आयटीआय करायचे आहे, घरी राहून ते करता येईल का, जवळचे आयटीआय कोणते, जाण्यायेण्याचा खर्च कसा भागेल? उत्तर काय येते आणि ते कशा सुरात येते, यावरून तुला पुष्कळ कळेल. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्या घरी भेट देऊन समितीला अहवाल द्यावा, अशी मागणीही तू करू शकतोस. परीक्षेनंतर चार-आठ दिवस राहून यायला हरकत नाही; पण बाडबिस्तरा घेऊन जाऊ नकोस.

काकांच्या संदर्भातच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी कोणावरही संशय न घेता सांगते. तुझ्या वडिलांच्या नावे गावात शेतजमीन किंवा घर होते का, याची माहिती काढ. जमिनीचा सातबारा आणि आठ अ आता संकेतस्थळावर पाहता येतो, आणि गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असते. वडिलांचा हिस्सा असेल तर त्यावर तुझा आणि तुझ्या बहिणीचा सारखाच वारसाहक्क आहे. तुमची वारस नोंद झाली आहे का, हे तलाठी कार्यालयात विचार. अठरा पूर्ण झाल्यावर तुझी सही कायद्याने ग्राह्य धरली जाते, म्हणून त्यानंतर कोणीही, कितीही प्रेमाने, हक्कसोडपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही मागितली तर ‘वकिलांना दाखवून करतो’ एवढेच उत्तर दे. वकिलासाठी पैसे नसले तरी अडणार नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तुझ्यासारख्याला तिथे मोफत सल्ला मिळतो. जमीन अर्धा एकर का असेना, तुझ्या आणि बहिणीच्या नावावर असलेली ती कदाचित एकमेव मालमत्ता असेल.

पुण्यातल्या मित्रांकडे तुझा ओढा आहे, हे पत्राच्या सुरावरून कळते, आणि ते मला समजते. एका ताटात जेवलेली, एका खोलीत वाढलेली मुले हेच तुझे घर आहे. ती वाट मी वाईट म्हणणार नाही, पण जानेवारीत तिथे जाणे म्हणजे बारावीवर पाणी सोडणे होईल. परीक्षेनंतर जायचे ठरलेच, तर आधी त्यांच्या खोलीचा करार पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. मालकाने नोंदणी केली नाही आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पण हे संरक्षण करारात ज्याचे नाव आहे किंवा ज्याने भाडे दिल्याचा पुरावा आहे, त्यालाच उपयोगी पडते. करार एका मित्राच्या नावावर, डिपॉझिट दुसऱ्याचे आणि तू ‘असाच राहणारा’ अशी मांडणी असेल, तर मित्रांत बिनसल्यावर किंवा मालकाने ‘चौघे नकोत’ म्हटल्यावर पहिली बॅग तुझी बाहेर येईल. करारात स्वतःचे नाव घालून घे, आणि तुझ्या वाट्याचे डिपॉझिट व भाडे रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने दे, म्हणजे नोंद राहील. नाव घालणे जमत नसेल तर कॉट बेसिसवर स्वतंत्र खाट घेणे अधिक सुरक्षित; निदान पावती तुझ्या नावाची असेल. अनुरक्षणाचे 4000 रुपये मिळाले तरी पुण्यात खाटेचे भाडे आणि मेस दोन्ही त्यात बसवणे अवघड आहे, हेही लक्षात घे. शिकताना अर्धवेळ काम करावे लागेल, आणि ते किती तास झेपेल याचा हिशेब खोली घेण्याआधी करायचा असतो.

खोली शोधताना तुला एक प्रश्न वारंवार विचारला जाईल: ‘आई-वडील कुठे असतात? कायमचा पत्ता कोणता?’ या प्रश्नापाशी संस्थेत वाढलेली अनेक मुले खोटे बोलतात, कारण खरे सांगितले की खोली मिळत नाही असा त्यांचा अनुभव असतो. मी तुला खोटे बोलायला सांगणार नाही. पुढे पोलिसांना भाडेकरूची माहिती देताना ते उघडे पडते आणि दोष मुलावरच येतो. त्यापेक्षा संस्थेतून निघण्यापूर्वी अधीक्षकांच्या सहीचे पत्र घे, ज्यात तू किती वर्षे तिथे होतास, तुझी वागणूक कशी होती आणि अडचण आल्यास कोणाशी संपर्क साधावा हे लिहिलेले असेल. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचेही असे पत्र मिळाले तर उत्तम. तुझ्या आधारवर आज संस्थेचा पत्ता असेल. नवा पत्ता पक्का होईपर्यंत तोच राहू दे आणि तुझी टपाले तिथे स्वीकारली जातील ना, हे सरांना विचारून ठेव. संस्थेत उघडलेले बँक खाते अठरानंतर तुझ्या एकट्याच्या सहीवर चालेल असे करून घे.

आता अनुरक्षण गृहाबद्दल. मोठी मुले ‘पुन्हा तेच’ म्हणतात, त्यात तथ्य आहे. काही ठिकाणी वेळेची बंधने असतात, नोंदवही असते, आणि नऊ वर्षे घंटेवर जेवलेल्या मुलाला आणखी तीन वर्षे तसेच राहणे जड वाटणारच. तरीही माझे मत स्पष्ट आहे की तुझ्या परिस्थितीत पहिला अर्ज त्यासाठीच व्हावा. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि त्यानंतर कारखान्यात किंवा वीज कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते, जिथे विद्यावेतन मिळते. अठरा ते एकवीस ही अनुरक्षणाची तीन वर्षे या अभ्यासक्रमाला अगदी चपखल बसतात. भाडे, डिपॉझिट आणि दोन वेळचे जेवण यांची चिंता डोक्यावर नसताना केलेला आयटीआय आणि रात्रपाळी करून डुलक्या घेत केलेला आयटीआय यांत फार फरक पडतो. आयटीआय अर्धवट सुटण्याचे कारण बहुधा राहण्या-जेवण्याची ओढाताण हेच असते.

शिवाय अनुरक्षण म्हणजे फक्त मोठी इमारत असे नियमांना अभिप्रेत नाही. आदर्श नियमांत सहा ते आठ तरुणांच्या गटासाठी तात्पुरत्या सामूहिक निवासाची कल्पना आहे. त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवणारा समुपदेशक असावा, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळावे आणि पुरेशी बचत झाल्यावर प्रत्येकाने स्वतःच्या जागेत जावे, असे त्यात लिहिले आहे. काही स्वयंसेवी संस्था असे गटनिवास चालवतात. अर्जात ‘अनुरक्षण गृह किंवा सामूहिक निवास’ असे दोन्ही लिही, आणि जागा कुठे आहे, तिथून आयटीआय किती दूर आहे, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येते, हे आदेश होण्यापूर्वी विचार. शक्य असेल तर एकदा जाऊन पाहून ये आणि तिथे राहणाऱ्या मुलांशी बोल. ‘जाऊ नकोस’ म्हणणारे मित्र स्वतः तिथे राहिले होते की त्यांनीही ऐकलेलेच सांगितले, हेही विचारून घे. अनुरक्षण गृहात जागा नसेल तर आयटीआयचे वसतिगृह हा पर्याय उरतो. प्रवेश अर्ज भरतानाच त्याची चौकशी कर.

प्रवेशाचा विषय निघाला म्हणून अनाथ प्रमाणपत्राबद्दल लिहिते, कारण त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. गोव्यातल्या अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांच्या पाठपुराव्यामुळे महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले, आणि 2023 च्या शासन निर्णयाने त्याची संस्थात्मक आणि संस्थाबाह्य अशी वर्गवारी ठरवली. नातेवाईक हयात असले तरी तुझे आई-वडील दोघेही नाहीत आणि तू संस्थेत वाढला आहेस, त्यामुळे तू संस्थात्मक वर्गात येतोस असे दिसते. प्रमाणपत्राचा प्रस्ताव संस्थेकडून जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो, आणि तू संस्थेत असतानाच तो पाठवणे सोपे पडते. बाहेर पडल्यावर जुने दाखले आणि समितीचे आदेश गोळा करताना दमछाक होते. आई-वडिलांच्या मृत्यूचे दाखले संस्थेच्या दप्तरात नसतील तर ते गावच्या ग्रामपंचायतीतून आणावे लागतील, आणि या कामात काकांची मदत माग. त्यांना तुझ्यासाठी खरोखर काही करायचे असेल, तर सुरुवात इथून करता येईल.

अनाथांना पिवळी शिधापत्रिका देण्याचा निर्णयही राज्याने 2021 मध्ये घेतला आहे. मित्रांबरोबर खोलीत राहून स्वयंपाक करणार असशील तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत त्याबद्दल विचार.

तुझ्या बहिणीबद्दल शेवटी लिहिते, पण तुझ्या मनात ती पहिली आहे हे मला ठाऊक आहे. तिला दिलेला शब्द जानेवारीत पाळता येणार नाही, आणि हे तिला तू स्वतः, लवकर सांगितले पाहिजेस. समिती तिला कोणाकडे सोपवण्यापूर्वी घर, उत्पन्न, शाळा आणि तिची सुरक्षितता पाहील. अठरा वर्षांच्या, शिकत असलेल्या, दुसऱ्यांच्या खोलीत राहणाऱ्या भावाकडे ती तिला पाठवणार नाही, आणि तिने तसे करू नये असेच मलाही वाटते. घाईने तिला बाहेर काढून काकांकडे ठेवण्याचा विचारही तिच्याशी सविस्तर बोलल्याशिवाय करू नकोस. तिला त्या घराबद्दल काय वाटते हे तुला माहीत आहे का?

तिच्यासाठी आज करता येण्याजोगे काम वेगळे आहे. समितीकडे आणखी एक अर्ज देऊन बहिणीला ठरावीक दिवशी भेटण्याची आणि फोनवर बोलण्याची परवानगी माग, आणि तू संस्था सोडल्यावरही ती चालू राहावी असे त्यात लिही. तुझा नवा पत्ता आणि फोन क्रमांक तिच्या फाइलमध्ये नोंदवून घे, म्हणजे तिला दुसऱ्या संस्थेत हलवले तर तुला कळवले जाईल. सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझ्याबरोबर तिचेही नाव लागले आहे ना, हे पाहणेही तुझ्याच हाती आहे. ती अठराची होईल तेव्हा तू बावीस वर्षांचा, ट्रेड पूर्ण केलेला आणि बहुधा कमावता असशील. तेव्हा तिलाही अनुरक्षणाचा हक्क असेल आणि नोकरी लागल्यावर ‘सखी निवास’सारख्या नोकरदार महिलांच्या वसतिगृहाचा पर्यायही असेल, तुझ्याकडे यायचे की स्वतंत्र राहायचे, हे ती स्वतः ठरवू शकेल.

या आठवड्यात सरांना भेटून आराखड्याची चौकशी करायची आणि समितीला दोन्ही अर्ज द्यायचे, एवढेच आधी कर. काकांना पत्र आणि मित्रांशी बोलणे त्यानंतरही होईल. कोणी तुझे ऐकूनच घेत नाही असे वाटले तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन कर. तू अजून अठरा पूर्ण केलेली नाहीस, तोवर तो क्रमांक तुझाच आहे. आणि अर्जावर शिक्का मिळाला की मला कळव. समितीने काय उत्तर दिले ते वाचून पुढचा अर्ज कसा लिहायचा हे आपण ठरवू.

तुझी,
ताई